परमिट रूमचा अर्ज : हक्क कोणाचा, परवानगी कोणाची?

आज 'परवानगी' या शब्दावर बोलायचं आहे, आणि उदाहरण घेणार आहोत दारूच्या परवान्याचं. तत्त्वज्ञानाच्या मास्तराने हा विषय का घ्यावा, असं कुणाला वाटेल. पण निमित्तच तसं घडलं.

आमचा एक जुना विद्यार्थी पैठण गेटच्या बाजूला छोटी खानावळ चालवतो. वडिलांच्या वेळेपासूनची. दुपारी गर्दी असते, रात्री टेबलं रिकामी. त्याला तिथे परमिट रूम करायची आहे. फाइल घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, अर्जाची भाषा बघून द्या. आणि एक सांगा, धंदा करणं हा माझा हक्क आहे ना? मग एवढ्या दारात हात का जोडायचे?"

प्रश्न चांगला आहे. वर्गात असा प्रश्न आला असता तर आम्ही त्या दिवशी दुसरं काही शिकवलंच नसतं.

आपल्या राज्यात दारूचा व्यवहार ज्या कायद्याने चालतो, त्याचं नावच मुळी दारूबंदी अधिनियम आहे. 1949चा. पूर्वी त्याला मुंबईचं नाव होतं, आता महाराष्ट्राचं आहे. म्हणजे कायद्याचं पहिलं वाक्य 'नाही' असं आहे, आणि परवाना ही त्या 'नाही'मध्ये ठेवलेली फट. पानपट्टी किंवा किराणा दुकान काढताना कायदा मुळात 'हो' म्हणतो, मग अटी घालतो. इथे उलटं आहे. पिणाऱ्यालासुद्धा परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा, आणि तो प्रकृतीच्या रक्षणासाठी घेतला जातो असं कागद म्हणतो. गंमत बघा, फारसीत 'दारू' म्हणजे औषधच. आपण 'दवादारू' म्हणतो तेव्हा तोच अर्थ बोलत असतो. भाषेने जे टाकून दिलं, ते सरकारी कागदाने जपून ठेवलंय.

आता हक्काचं. सर्वोच्च न्यायालयाने 1951मध्ये बलसारा खटल्यात या कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला. पुढे 1954च्या कुवरजी भरूचा खटल्यात आणि 1994च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात हे स्पष्ट झालं की दारू विकण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही. राज्यघटनेचं 47वं कलम तर सरकारला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगतं. पण खोडे निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती लोक विसरतात. सरकारने एकदा हा धंदा करू द्यायचं ठरवलं, की पात्र असलेल्या दोघांमध्ये भेदभाव करता येत नाही. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याला दारू विकण्याचा हक्क नाही, पण त्याचा अर्ज इतरांच्या अर्जासारखाच तपासला जावा, हा हक्क आहे. हात जोडायचे की नाही, याचं उत्तर इथे मिळतं. जोडायचे नाहीत. कागद पूर्ण द्यायचे.

कागद तरी किती? परमिट रूमच्या परवान्याला 'एफएल-3' म्हणतात. जागेचे मालकी किंवा भाड्याचे कागद, बांधकामाचा मंजूर नकाशा, खाद्यपदार्थांचा परवाना, अग्निशमनाचा दाखला, पोलिसांचा अहवाल, वगैरे. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे अधिकारी जागा पाहतात, अंतर मोजतात, पंचनामा होतो, आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातं. वाइन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांचं प्रकरण वेगळं. त्यांचे नवे परवाने 1970च्या दशकापासून जवळजवळ बंदच आहेत, म्हणून जुना परवानाच विकत फिरतो आणि त्याचा भाव ऐकून माणूस गार पडतो.

अंतराच्या अटीपाशी आम्ही थोडं रेंगाळणार आहोत, कारण खरी गोम तिथे आहे. महापालिका हद्दीत शाळा किंवा देवस्थानापासून 75 मीटर लांब असावं. दारापासून दारापर्यंत, पायी जायच्या वाटेने मोजायचं. पण शाळा म्हणजे काय? नियमात शाळा म्हणजे मान्यता असलेली शाळा, कॉलेज म्हणजे विद्यापीठाला जोडलेलं कॉलेज. खासगी शिकवणी त्यात येत नाही. देवस्थान म्हणजे नोंदणी झालेल्या ट्रस्टचं. आमच्या विद्यार्थ्याच्या शेजारी पहिल्या मजल्यावर क्लास चालतो, संध्याकाळी दहावीची पन्नासेक पोरं-पोरी जिना उतरतात. कोपऱ्यावर शेंदूर लावलेला मारुती आहे, शनिवारी रांग लागते. पण टेप लावली, तर दोघंही अस्तित्वातच नाहीत! व्याख्येबाहेर गेलेली वस्तू कायद्याला दिसत नाही. अर्थात व्याख्या सैल ठेवली तर कुणीही अधिकारी कुणालाही अडवू शकेल, हेही खरं. म्हणून नियमाला आम्ही दोष देत नाही.

मग शेजाऱ्यांना विचारतं कोण? तर नंतर विचारतात. गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे त्या दिवशी जी बाई मजुरीवर गेली, तिचं न दिलेलं मत उभ्या बाटलीच्या कामी आलं. सोसायटीतल्या बिअर शॉप आणि वाइन शॉपला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल, असं मार्च 2025मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. उशिरा का होईना, आधी विचारण्याकडे हे एक पाऊल आहे.

आपल्या मराठवाड्यात दारूच्या दुकानाला 'गुत्ता' म्हणायची पद्धत. गुत्ता म्हणजे ठेका. निजामाच्या राज्यात अबकारी हे मोठं उत्पन्न होतं आणि विक्रीचा हक्क लिलावात जायचा. जास्त बोली त्याचा गुत्ता. म्हणून रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारालाही आपण अजून 'गुत्तेदार' म्हणतो. त्या लिलावात शेजाऱ्याला जागा नव्हती. आजच्या अर्जातही शेजाऱ्याचा रकाना आम्हाला सापडला नाही.

आम्ही विद्यार्थ्याला म्हटलं, "अर्ज टाकायच्या आधी जिन्यातल्या चार घरी जाऊन ये. कायदा सांगत नाही, आम्ही सांगतोय." तो नाखुशीनेच गेला. परत आला तो वेगळाच. क्लासवाल्या सरांनी हरकत घेतली नाही, फक्त दार मागच्या बाजूला काढ म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र एकच विचारलं, "बाळा, रात्री पोरगी कामावरून दहाला येते. तेव्हा जिन्याच्या तोंडाशी कोण उभं असेल?"

फाइलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. आता तो नकाशा बदलून घेतोय. मागच्या गल्लीत दार निघतं का, हे बघायला परवा गवंडी बोलावला होता. फाइल अजून आमच्याच टेबलावर आहे.