बदललेला संकेत आणि मुकीं यंत्रें

बोलतांना एखादा शब्द चुकला, तरी ऐकणारा संदर्भानें अर्थ जुळवून घेतो. यंत्राला ही सवलत नसते. हौशी बिनतारी संदेशकांच्या जगांत २०१८ च्या अखेरीस याचा प्रत्यय आला.

'एफ्‌टी ८' ही संदेशपद्धति २०१७ सालीं प्रचारांत आली. स्टीव्हन फ्रँके व जोसेफ टेलर हे तिचे जनक. पैकीं टेलर हे भौतिकशास्त्राच्या १९९३ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी. तींत संगणक आठ सुरांच्या साह्यानें, पंधरा सेकंदांच्या पाळीनें संदेश पाठवितो. कानाला न कळणारा क्षीण संदेशही दुसरा संगणक उलगडूं शकतो.

ही किमया काटकसरीची आहे. प्रारंभीं एका संदेशाला अवघे ७५ 'बिट', म्हणजे 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच सांगणारे घटक, मिळत. दोन स्थानकांच्या कॉलसाइनांना प्रत्येकीं २८ आणि स्थानाला १५. पुण्याचें स्थान 'एमके ६८' एवढ्यांत सांगून होतें. कोणता घटक कशाचा, हें दोन्ही टोकांच्या आज्ञावलींना अगोदरच ठाऊक असावें लागतें.

पुढें लांब कॉलसाइन व स्पर्धांतील जादा मजकूर त्यांत मावेना. तेव्हां डिसेंबर २०१८ मध्यें 'डब्ल्यूएसजेटी-एक्स' या आज्ञावलीच्या २.० आवृत्तीनें बिट ७७ केले. वाढ दोहोंचीच, परंतु सारी मांडणी हलली. चूक पकडणारे बिट १२ चे १४ झाले, वेळ जुळविणारा सुरांचा क्रमही बदलला. प्रक्षेपणाचा काळ मात्र पूर्वींचाच, १२.६४ सेकंद. त्यामुळें कानाला दोन्ही सारखेच वाटत. जुन्या आज्ञावलीच्या पडद्यावर नव्या संदेशाची रेघ दिसे, पण अक्षर एकही उमटत नसे. यंत्र बिघडलें कीं एरियल, असा संशय येणें साहजिक होतें.

हें मौन मुद्दाम राखलेलें होतें. जुन्या यंत्रानें नव्या संदेशाचा भलताच अर्थ लावण्यापेक्षां गप्प बसणें बरें. म्हणूनच १ जानेवारी २०१९ पर्यंत सर्वांनीं नवी पद्धति घ्यावी, असें कर्त्यांनीं सुचविलें. जो मागें राहिला, त्याच्यापुरतें गजबजलेलें आकाश ओस पडलें.

थोडक्यांत बोलावयाचें, तर अगोदरचा करार पक्का हवा. आणि तो मोडावयाचा, तर सर्वांनीं एकदम मोडला पाहिजे.