शेगावची केसगळती आणि अन्नातील सेलेनियम

शेगाव म्हटले की आम्हां सीमाभागातील मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे प्रथम गजानन महाराजांचे मंदिर उभे राहते. ठाणाकुशनूर, औराद, भालकी या बाजूची कितीतरी कुटुंबे तेथे दर्शनास जाऊन आलेली आहेत. त्यामुळे २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस ओढताच हातात येतात आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडते, अशा वार्ता आल्या, तेव्हा आमच्या ओसरीवरही दुसरा विषय नव्हता. अठरा गावांतील २७९ जणांना हा त्रास झाला. त्यांत शाळकरी मुली होत्या, उपवर तरुण होते. पुष्कळांनी लोकलज्जेस्तव डोकी भादरून घेतली.

आरंभी बुरशीचा संशय आला, मग पाण्याचा. तो भाग पूर्णाकाठचा खारपाणपट्टा असल्याने पाण्यावर ठपका येणे स्वाभाविकच होते. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू यांची तपासणी करवून घेतली. विंचूदंशावरील उपचारासाठी सर्वांना ठाऊक असलेले हेच ते वैद्य. त्यांच्या अहवालानुसार सेलेनियमचे प्रमाण रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत तब्बल १५० पट वाढलेले होते. शिधावाटप दुकानातून आलेल्या पंजाबच्या गव्हात दर किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम मिळाले, असे त्यांनी सांगितले. गव्हाविषयी शासकीय पातळीवर वाद झाला. परंतु रुग्णांच्या अंगी सेलेनियम वाढलेले होते, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकासही आढळले.

रक्तात ३५, लघवीत ६० आणि केसांत १५० असे का व्हावे? या तीन आकड्यांतच शरीराचा सारा व्यवहार दडलेला आहे.

सेलेनियम हे मूलद्रव्य बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१७ साली शोधले. ते विष आहे तसे आवश्यकही आहे. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पंचविसावा हिस्सा, एवढेच ते लागते. गंमत अशी, की लोह अधिक झाले तर आतडे आपले दार थोडे लोटून घेते. सेलेनियमपुढे ते तसे करीत नाही. धान्यातून आलेले सेलेनियम बहुतेक सारेच रक्तात शिरते. आवरायचे ते बाहेर टाकूनच.

हे काम मुख्यत्वे यकृत आणि मूत्रपिंडे करतात. यकृतात सेलेनियमचे एक साधे रूप तयार होते. त्यातून शरीर आपल्या गरजेची प्रथिने घडविते. माणसात अशी पंचवीस प्रथिने आहेत आणि गलग्रंथीचे कामही त्यांपैकी काहींवर चालते. उरलेले सेलेनियम यकृत एका शर्करेस जोडते आणि ते लघवीवाटे निघून जाते. आवक फार वाढली की शर्करेची ही वाट अपुरी पडते. मग त्यास मिथिल गट जोडून काही भाग लघवीतून, तर काही वायुरूपाने श्वासावाटे सोडला जातो. अशा माणसाच्या तोंडाला लसूण न खाताही लसणाचा वास येतो. जुन्या वैद्यांना ही खूण ठाऊक असती तर त्यांनी ती नाडीइतकीच मानली असती!

गव्हातील सेलेनियमची आणखी एक लबाडी आहे. ते बहुतांशी मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लाच्या वेशात येते. सेलेनियम आणि गंधक ही एकाच कुळातील भावंडे. त्यामुळे मेथिओनिनमधील गंधकाच्या जागी सेलेनियम बसले तरी शरीर फसते आणि ते स्नायूंच्या प्रथिनांत सहज गोवून टाकते. म्हणूनच ते लवकर निघत नाही. अल्प मात्रा देऊन मोजले असता निम्मे बाहेर पडण्यास सुमारे आठ महिने लागतात, असे दिसले आहे. केस आणि नखे तर गंधकाच्या बंधांवरच उभी असतात. तेथे हा तोतया शिरला की बांधणी कच्ची होते आणि केस मुळाशी सुटतो.

आता हिशेब पाहा. वरच्या प्रमाणाचा पाव किलो गहू दिवसाला पोटात गेला, तर साडेतीन मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम होते, गरजेच्या नव्वदपट! अमेरिकेत प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम धरतात. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम अधिक असल्याचे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. चीनमधील एन्शी भागात १९६०च्या दशकात याच कारणाने केस व नखे गळाली होती.

आमच्याकडे पूर्वी ज्वारी आपल्या शिवारातली, तूर आपल्या शिवारातली, गहू सणावारीच. आता पीठ कोणत्या मातीतून आले हे गिरणीवाल्यासही सांगता येत नाही. निरनिराळ्या ठिकाणचे धान्य आलटून-पालटून खाणे एवढे मात्र घरच्या गृहिणीच्या हाती आहे. केस गळू लागले म्हणून मनानेच खनिजाच्या गोळ्या घेणे टाळावे, कारण त्यांतील काहींत सेलेनियमच असते.

बोंडगावकडच्या पुष्कळ जणांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. परंतु एप्रिलमध्ये त्याच भागातून नखे गळण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते. डिसेंबरात जे मुळाशी घडले असेल, ते दिसायला एप्रिल उजाडला.