खानदेशातील बोली
खानदेशात प्रमाण मराठीच्या बरोबरीने बोलल्या जाणाऱ्या प्रादेशिक भाषा व बोली. जुना खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम अशा दोन भागांत विभागला गेला. त्यांचेच पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे झाले आणि १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस गुजरात व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर यांमधील तापीखोऱ्याचा हा प्रदेश मराठी, गुजराती आणि राजस्थानी-माळवी या भाषाप्रदेशांच्या सांध्यावर आहे. येथील बोलींच्या मिश्र स्वरूपाचे हे मुख्य कारण होय.

विस्तार : सर्वांत मोठी बोली अहिराणी. धुळे जिल्हा, जळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग, नंदुरबारचा सपाटीचा भाग व नासिक जिल्ह्यातील बागलाण, मालेगाव हा परिसर हे तिचे क्षेत्र होय. तिचे नाव अहीर (आभीर) या पशुपालक लोकांवरून आले असे सामान्यतः मानतात. मात्र ती आज कोणा एका जातीची भाषा नसून सर्व थरांतील लोकांची व्यवहारभाषा आहे. जळगाव, भुसावळ, यावल व रावेर या भागांत लेवा गणबोली, शहादे-तळोदे व चोपडे या बाजूस गुजर समाजाची गुजरी, सातपुड्यातील अक्राणी, शिरपूर व चोपडे भागांत पावरी, नवापूरकडे मावची व कोकणी, तर चाळीसगावकडील तांड्यांत लमाणी बोलली जाते. भिल्लांच्या बोलींची स्थानपरत्वे अनेक रूपे आढळतात.

अहिराणीची वैशिष्ट्ये : मराठी ‘ळ’ च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो (डोळा–डोया) आणि ‘ण’ चा ‘न’ होतो (पाणी–पानी). चतुर्थीचा प्रत्यय ‘ले’ (माले, तुले), षष्ठीचे ‘ना, नी, नं’ (रामना, रामनी) व सप्तमीचा ‘मा’ (घरमा) असा आहे. यांपैकी षष्ठी व सप्तमीचे प्रत्यय गुजरातीशी, तर ‘ले’ हा वऱ्हाडीशी जुळतो. ‘माझा, तुझा’ यांऐवजी ‘मन्हा, तुन्हा’ ही रूपे येतात. ‘आहे’ या अर्थी ‘शे’ हे क्रियापद असून ते गुजराती ‘छे’ ची आठवण करून देते. वर्तमानकाळी एकवचनात तिन्ही पुरुषी एकच रूप असते : मी जास, तू जास, तो जास, अनेकवचनी ‘जातस’. ‘मी गावले जास’ हे वाक्य पुरुष व स्त्री दोघेही सारखेच बोलतात. मराठीतील ‘जातो–जाते’ हा भेद तेथे नाही. भूतकाळी मराठीच्या ‘गेला, आला’ या रूपांतील ‘ल’ न येता ‘गया, उना’ अशी रूपे होतात. भविष्यकाळी ‘मी जासू’ (मी जाईन) हे रूप गुजराती पद्धतीचे आहे. मुलाला ‘आंडोर’ व मुलीला ‘आंडेर’ म्हणतात. ‘आम्ही’, ‘तुम्ही’ ही सर्वनामे व शब्दसंग्रहाचा मोठा भाग मात्र मराठीशी समान आहे.

वर्गीकरण : ग्रीअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात नसून भिल्ली भाषांबरोबर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) केलेला आहे. मराठी अभ्यासकांपैकी अनेकांनी तिला मराठीची बोली मानले. प्रत्यय व क्रियारूपे प्रमाण मानल्यास पहिले मत, तर शब्दसंग्रह व सांस्कृतिक व्यवहार प्रमाण मानल्यास दुसरे मत सबळ ठरते. ‘अशुद्ध मराठी’ हे तिचे प्रचलित वर्णन मात्र शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे. तिचे नियम मराठीहून वेगळे असले, तरी तितकेच काटेकोर आहेत.

साहित्य : प्रदेशाची लेखनभाषा दीर्घकाळ मराठीच राहिली आहे. चाळीसगावजवळील पाटणे येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या संस्कृत शिलालेखाचा अखेरचा भाग मराठीत आहे. अहिराणीचे धन मुख्यतः मौखिक असून कानबाईची व आखाजीची गाणी, जात्यावरील ओव्या, म्हणी व लोककथा यांत ते साठलेले आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची कविता अनेकदा अहिराणी समजली जाते. वस्तुतः ती आसोदे-जळगाव परिसरातील लेवा गणबोलीची आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ही गाणी प्रसिद्ध झाली, तेव्हा या बोलीचे सामर्थ्य मराठी वाचकांना प्रथमच जाणवले. अलीकडे रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला आहे.

सद्यःस्थिती : जनगणनेत खानदेशीभाषकांची संख्या १९९१ मध्ये सुमारे ९·७ लाख, २००१ मध्ये सुमारे २०·८ लाख व २०११ मध्ये सुमारे १८·६ लाख नोंदली गेली. दहा वर्षांत भाषकसंख्या दुप्पट होणे नैसर्गिक वाढीने शक्य नाही. मातृभाषा म्हणून अनेक जण मराठीच सांगतात. त्यामुळे हे आकडे प्रत्यक्ष भाषकांपेक्षा नोंदीतील उत्तरे दर्शवितात. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत खानदेशी किंवा भिल्ली यांचा समावेश नाही.

प्रमाणभाषेस निकट असलेल्या बोलींचा हा प्रश्न इतरत्रही दिसतो. नेदर्लंड्समध्ये डच भाषेबरोबर फ्रिजियन, लिंबर्गी व नीच सॅक्सन या भाषा बोलल्या जातात. प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांच्या युरोपीय सनदेखाली तेथे तिघींना मान्यता मिळाली. तथापि शिक्षण व प्रशासन यांविषयीची सविस्तर बंधने फक्त फ्रिजियनपुरती स्वीकारली गेली. स्वतंत्र भाषा म्हणून जी सहज ओळखू येते तिला अधिक संरक्षण आणि जी बोली समजली जाते तिला कमी, असा हा अनुभव आहे.

खानदेशात या प्रश्नाची खरी कसोटी प्राथमिक शाळेत लागते. संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य वर्गातील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्यांवर सोपविला आहे. पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलास पाठ्यपुस्तकाची मराठी जवळजवळ परकी असते. अहिराणीभाषक मुलास ती समजते. पण त्याचे ‘माले’, ‘घरमा’ हे प्रयोग चुका म्हणून खोडले जातात. शिक्षकास दोन्ही भाषांचे नियम ठाऊक असल्यास हाच भेद मराठी शिकविण्याचे साधन ठरतो. ते ठाऊक नसल्यास मूल बोलण्यास कचरते व पुढे घरातही बोली टाळू लागते. शहरांकडील स्थलांतर व मराठी-हिंदीचा वाढता वापर यांमुळे हा ऱ्हास वाढत असून, मौखिक साहित्याचे संकलन व बोलींचे तालुकावार सर्वेक्षण ही निकडीची कामे ठरली आहेत.