खुर्च्या शेकडो, नोंद एकच

मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरातल्या प्रयोगाचं तिकीट ऑनलाइन काढताना पडद्यावर प्रेक्षागृहाचा नकाशा उघडतो. खुर्चीवर बोट टेकवलं की ती रंग बदलते. इथे क्लिक झालं तर अमुक काम कर, असं त्या पानाला आधीच सांगून ठेवलेलं असतं. यालाच इव्हेंट हँडलर लावणं म्हणतात.

ही नोंद करण्याची प्रमाणित पद्धत २००० सालीच ठरली होती. पण इंटरनेट एक्सप्लोररची रीत निराळी, म्हणून तेच काम दोन तऱ्हांनी लिहावं लागे. २००६ मध्ये जॉन रेझिग यांनी आणलेल्या जेक्वेरी या लायब्ररीने हा फरक पोटात घेतला. मला मात्र तिचं मोठं काम वेगळंच वाटतं: हँडलर लावायचा कुठे, हा विचार तिने घरोघरच्या प्रोग्रामरपर्यंत पोचवला.

समजा, नकाशात ८०० खुर्च्या आहेत आणि प्रत्येकीला हँडलर लावला. चालेल. पण बाल्कनी नंतर उघडली, तर? नोंद झाली तेव्हा त्या खुर्च्या पानावर नव्हत्याच, त्यामुळे त्या मुक्याच राहतात. सगळ्यांना पुन्हा हँडलर लावावा, तर जुन्यांना तो दोनदा लागतो, कारण जेक्वेरी तेच फंक्शन दुसऱ्यांदाही नोंदवून घेते. मग एका क्लिकमध्ये खुर्ची निवडली जाते आणि लगेच सुटतेही. बघणाऱ्याला वाटतं, क्लिक लागलंच नाही.

उपाय क्लिकच्या स्वभावातच आहे. खुर्चीवरचं क्लिक तिथेच थांबत नाही. ते रांगेकडे, तिथून नकाशाकडे, असं वर चढत पानाच्या मुळापर्यंत जातं. हे बबलिंग. घाटकोपरच्या सोसायटीत दारोदार वॉचमन नसतो, फाटकावर एकच असतो. नवा भाडेकरू आला म्हणून दुसरा नेमावा लागत नाही. तसा नकाशावर एकच हँडलर लावायचा आणि क्लिक खुर्चीवरून आलं का, एवढं तपासायचं. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहाचा नकाशा त्याच चौकटीत उघडला, तरी कोडची ती ओळ बदलत नाही.

जेक्वेरीलाही हे एका दमात साधलं नाही. २००९ मधली 'लाइव्ह' पद्धत हँडलर थेट पानाच्या मुळाशी लावायची, म्हणजे प्रत्येक क्लिकला अख्खी चढण. २०१० मध्ये 'डेलिगेट'मुळे मुळाऐवजी जवळचा पालक, म्हणजे नकाशासारखा वरचा घटक, निवडता येऊ लागला, २०११ मध्ये 'ऑन' आली, आणि २०१३ मध्ये 'लाइव्ह' काढून टाकली.

आज ब्राउझर हे सारं लायब्ररीशिवाय करतात. फक्त एक भान ठेवावं लागतं: बोट अनेकदा खुर्चीवर नव्हे, तिच्यातल्या आकड्यावर पडतं, म्हणून आकड्यापासून वर जात आधी खुर्ची शोधावी लागते.