पुलापलीकडचे विमान

विमान पकडण्यासाठी पायी परदेशात जायचे, हे ऐकून मला प्रथम थट्टाच वाटली. पण कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोजवळ हे रोज घडते. मेक्सिकोतल्या तिहुआना शहराचा विमानतळ सीमेला अगदी खेटून आहे. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या बाजूला एक इमारत सुरू झाली आणि तिथून थेट विमानतळात नेणारा सुमारे १२० मीटर लांबीचा बंदिस्त पूल खुला झाला. त्याआधी सामान ओढत रस्त्यावरच्या नाक्यावरून जावे लागे.

पुलाचे तिकीट काढायचे, बोर्डिंग पास आणि पासपोर्ट दाखवायचा, की निघालो. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसाही लागत नाही. मी चालत होतो तेव्हा आजूबाजूला बहुतेक मेक्सिकन कुटुंबे होती. त्यांच्या गावाला तिहुआनाहून देशांतर्गत विमान मिळते, त्यामुळे भाडेही बहुधा कमी पडते.

मात्र पूल फक्त प्रवाशांसाठी. तोही उड्डाणाच्या आधीच्या चोवीस तासांतच. बँकेत जन्म गेल्यामुळे मुदतीच्या कागदाची किंमत मला ठाऊक आहे. मुदत सरलेल्या चेकवर कोणी पैसे देत नाही.

अमेरिकेत कागदपत्रांविना राबणारा मुलगा गावी निघालेल्या आईला या इमारतीच्या दारापर्यंत पोहोचवू शकतो. तिची पिशवी उचलून पलीकडे गेला, तर त्याला परतीची वाट नाही. सीमेवरचे पोलादी कुंपण त्याच पुलाखालून जाते. आम्ही मात्र पाचेक मिनिटांत त्यावरून पार झालो.