हाडाच्या कामावर राखणदार

मागच्या भागानंतर एका सूनबाईंचा प्रश्न आला. "सासूबाई कुठे पडल्या नाहीत, धडपडल्या नाहीत. पाण्याची कळशी उचलली आणि मणका दबला. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर दोन वर्षं रोज टोचायचं इंजेक्शन लिहून दिलंय. नुसत्या कॅल्शियमनं भागणार नाही का?"

नाही भागणार, सूनबाई. हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. त्यात जुनं खणून काढणाऱ्या आणि नवं बांधणाऱ्या पेशी जन्मभर राबत असतात. पाळी गेली की इस्ट्रोजेन हार्मोन घटतं आणि खणणाऱ्या शिरजोर होतात. कॅल्शियम म्हणजे वाळू-सिमेंट. गवंडीच कामावर नसेल तर ढीग अंगणात पडून राहतो.

गवंड्याला कामावर आणणारं हे इंजेक्शन म्हणजे टेरिपॅराटाइड. गळ्यात थायरॉइडच्या मागे मसुरीएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांच्या हार्मोनच्या ८४ कड्यांच्या साखळीतल्या पहिल्या ३४ कड्या म्हणजे हे औषध. अमेरिकेत २००२ साली त्याला मान्यता मिळाली. हेच हार्मोन रक्तात सतत चढलेलं राहिलं तर हाडं झिजतात. दिवसातून एकदा चढून लगेच उतरलं तर मात्र हाड बांधलं जातं. म्हणून रोज एकदाच, २० मायक्रोग्रॅम. काल राहिलं म्हणून आज दोनदा टोचायचं नाही.

आता नवलाची गोष्ट. आपल्या रक्तात टी-पेशी असतात. जंतू आले की लढणाऱ्या या राखणदार. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात डॉ. रॉबर्टो पॅसिफिची यांच्या गटानं २००९ मध्ये दाखवलं, की ज्या उंदरांच्या अंगात टी-पेशीच नव्हत्या, त्यांना हार्मोन टोचूनही हाड म्हणावं तसं भरलं नाही. हार्मोनची हाक ऐकून टी-पेशी हाडातल्या मज्जेत एक प्रथिन सोडतात आणि त्यानं बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणजे औषध गवंड्याला थेट सांगतंच, शिवाय मुकादमाकरवीही निरोप धाडतं. पुढे २०१८ मध्ये, हे औषध घेणाऱ्या माणसांच्या रक्तात भांडण आवरणाऱ्या टी-पेशी वाढलेल्या दिसल्या.

इस्ट्रोजेन गेल्यावर याच टी-पेशींतल्या काही भडकतात आणि खणणाऱ्यांना बळ देतात, हेही उंदरांमध्ये दिसलंय. राखणदार तेच, मालकीण बदलली की वागणूक बदलते!

यातलं बरंच उंदरांवरचं आहे, हे विसरू नका. उद्या कुणी "प्रतिकारशक्ती वाढवा, हाडं मजबूत करा" म्हणत पावडरीचा डबा घेऊन गटाच्या बैठकीत आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. इथे प्रश्न ताकद वाढवायचा नाही, कोणत्या पेशीला कधी काय निरोप जातो त्याचा आहे.

सूनबाई, सासूबाईंना पूर्वी हाडाचा कॅन्सर झाला असेल किंवा शेक, म्हणजे रेडिएशन, दिलं असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. सुरुवातीला इंजेक्शननंतर चक्कर येऊ शकते, तेव्हा बसवूनच टोचा. दोन वर्षांनी हे थांबलं की बांधलेलं हाड टिकवायला दुसरं औषध लागतं. "कोर्स संपला" म्हणून घरी बसलात, तर कमावलेलं हाड पुन्हा झिजू लागतं. आणि इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं.