संधी शोधायची की सांधायची? सातारा-सांगलीच्या उद्योगांचा धडा

आजचा विषय आहे तरुणांसाठी उद्योगाच्या संधी. आता, आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे कुठल्या धंद्यात किती टक्के सुटतात हे आमच्याकडून ऐकायला मिळणार नाही. आमची सवय शब्दापासून सुरुवात करण्याची, तशीच करू.

'संधी' या शब्दाचा मूळ अर्थ आहे जोड, सांधा. व्याकरणात दोन वर्ण एकत्र येतात तोही संधीच. मुलं आम्हाला विचारतात, "सर, संधी कुठे आहे?" जणू ती रस्त्यावर पडलेली आहे आणि कुणीतरी आधीच उचलून नेली. पण जोड ही पडलेली नसते, ती करावी लागते. एका बाजूला कुणाची तरी गरज असते, दुसऱ्या बाजूला आपलं कौशल्य असतं. या दोहोंना जोडतं काय, हा आजचा खरा प्रश्न आहे.

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: पैसा. ते तपासून पाहू, आणि त्यासाठी लांब जायला नको.

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं, तेव्हा ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले. 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान निघालं. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, शेतकऱ्याला त्याची गरजही होती. तरीही पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडानं जमीन विषारी होते असा लोकांचा समज होता. म्हणजे बघा, माल होता, गरज होती, अडलं ते विश्वासापाशी.

पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान आणि 10,000 रुपयांचं कर्ज दिलं. साल 1910. आपण गोष्ट सांगताना हे कर्ज तेवढं सांगतो. पण 1888 ते 1910 ही 22 वर्षं आहेत. राजानं पैसा दिला तो या 22 वर्षांच्या कामाकडे बघून. मराठीत याला नेमका शब्द आहे, पत. बँकेतली पत आणि समाजातली पत यांना आपण एकच शब्द वापरतो, तो काही उगीच नाही.

दुसरं उदाहरण विट्याकडचं. खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. तिथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. जुने दागिने वितळवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हे काम. गावातला पोरगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात जातो, भट्टीपाशी बसून काम शिकतो, आणि हात बसला की वेगळं दुकान टाकतो. परक्या शहरातला सराफ त्याच्या हाती सोनं देतो ते शब्दावर. इथे पत नात्यातून मिळते. ही मोठी ताकद आहे, पण तिला मर्यादाही आहे. ज्याला असा मामा नाही, त्यानं काय करायचं?

याचं उत्तर सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला सापडतं. चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं तिथल्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण प्रवर्तक म्हणून सह्या करणाऱ्या बऱ्याच जणींनी अंगठे उठवले होते. बायका गावी परतल्या आणि लिहा-वाचायला शिकल्या. पुन्हा गेल्या तेव्हा अधिकाऱ्यांना त्यांचं म्हणणं असं होतं, की आम्हाला वाचता येत नव्हतं, पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमची माणसं यंत्रावर करू देत. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. पत नव्हती असं नाही, ती मोजायचं माप चुकीचं होतं. या बायकांनी मापच बदलायला लावलं.

आणि कर्मवीर भाऊराव पाटील! त्यांना आपण शिक्षणमहर्षी म्हणून ओळखतो. पण ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले होते, हे विसरतो. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हे सूत्र दिलं. गाव ओळखायची विद्या त्या फिरतीतही होती, असं आम्हाला वाटतं.

आता आजच्या मुलांकडे येऊ. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली कितीतरी मुलं पुण्याच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं बसली आहेत. नोकरीची इच्छा चुकीची नाही. पण परीक्षेसाठी पाच वर्षं पोसणारं घर धंद्यासाठी दोन वर्षं द्यायला तयार नसतं, याचा विचार आई-वडिलांनी करायला हवा. आणि ज्या घरात दोन वर्षांची भाकरीच नाही, त्या मुलीला "धाडस कर" म्हणणं सोपं असलं तरी न्याय्य नाही. तिनं हातचं काम न सोडता छोट्यानं सुरुवात करावी.

करावं काय? सांगलीची हळद आणि बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांना भौगोलिक मानांकन आहे. कच्चा माल पोत्यानं विकण्यापेक्षा निवडून, दळून, बांधून विकला तर मधला पैसा गावात राहतो. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. अन्नप्रक्रियेच्या केंद्रीय योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे. मात्र अनुदानासाठी धंदा काढू नये. धंद्यासाठी अनुदान घ्यावं.

आमची सूचना साधी आहे. कर्जाच्या अर्जाआधी सहा महिने वही ठेवा. काय घेतलं, कितीला विकलं, उधारी कुणाकडे राहिली, माल परत का आला, सगळं रोज लिहा. ज्या धंद्यात उतरायचं, त्यात आधी कुणाच्या तरी हाताखाली काम करा. घरची जमीन पहिल्याच फटक्यात गहाण टाकू नका. ती वही बँकेत घेऊन जा. विनातारण कर्ज मागणाऱ्याकडे दाखवायला दुसरं असतं काय? तुमची पत त्या वहीत लिहिलेली असेल. आणि नाही जमलं, तर कुठे नाही जमलं हेही तीच वही सांगेल.

आता प्रश्न विचारा.